रसायनशास्त्राची उजळणी बोर्डोच्या पिंपापासून व्हावी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की बहुतेक मराठी वृत्तपत्रांत अभ्यासमाला सुरू होतात आणि त्यांत रसायनशास्त्राच्या वाट्याला येणारा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. द्रावण म्हणजे काय, संपृक्त आणि असंपृक्त द्रावणांत फरक काय, अभिक्रियांचे प्रकार किती, प्रत्येकाचे एक उदाहरण द्या, खालील समीकरणे संतुलित करा. यात चुकीचे काही नसते. परंतु अशा मजकुराने विद्यार्थ्याला जे आधीच पाठ आहे तेच पुन्हा पाठ होते आणि जे कळलेले नाही ते तसेच अकरावीत जाते; तेथे मोल (कणांच्या एका ठरावीक संख्येइतका पदार्थ), मोलरता (लिटरमागे किती मोल) आणि आयनांची (विद्युतभारित कणांची) समीकरणे समोर आली की तो अडखळतो आणि दोष अकरावीच्या पुस्तकाला दिला जातो. माध्यमिक शाळेत बराच काळ विज्ञान शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की द्रावणे आणि अभिक्रिया यांची उजळणी प्रकरणांच्या क्रमाने करूच नये. खरोखर वापरात असलेल्या एखाद्या पदार्थाची कृती घ्यावी आणि ती तिच्या वजनमापांसह पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत तपासावी. आपल्या राज्यात यासाठी बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाइतकी सोयीची दुसरी कृती मला दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना या मिश्रणाची ओळख करून देण्याची गरज नाही. डाळिंबवाल्यांनाही ते ठाऊक आहे, आणि कोकण-गोव्यातील सुपारीच्या बागांत कोळे रोगासाठी तेच फवारले जाते. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हे सूत्र बागेत वाढलेल्या मुलाला दहावीच्या आधीच तोंडपाठ असते. या मिश्रणाचा जन्मही मनोरंजक आहे. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त होत असताना, १८८२ साली बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या काही वेलींची पाने मात्र शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा निळसर, ओंगळ दिसणारा लेप शिंपडला होता. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या साहाय्याने प्रमाणे ठरवली आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेली युक्ती बुरशीला लागू पडली, ती का लागू पडली हे सांगण्यासाठी जेवढे रसायनशास्त्र लागते ते जवळजवळ सगळे आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकांत आहे.

पहिली पायरी मोरचूद विरघळवण्याची. जाणते शेतकरी मोरचुदाचे खडे पिंपाच्या तळाशी टाकत नाहीत. ते फडक्याच्या पोटलीत बांधून पाण्याच्या वरच्या भागात टांगून ठेवतात. कारण विचारले तर ‘असं लवकर विरघळतं’ एवढेच उत्तर मिळते, आणि उजळणी नेमकी येथून सुरू व्हायला हवी. खड्याभोवतीचे पाणी मोरचुदाने संपृक्त झाले की ते साध्या पाण्यापेक्षा जड होऊन खाली बसते, त्याची जागा घ्यायला ताजे पाणी येते आणि विरघळण्याची क्रिया चालू राहते. खडे तळाशी असतील तर त्यांच्याभोवती तेच संपृक्त द्रावण साचून राहते आणि पिंपातले बाकीचे पाणी असंपृक्त असूनही काम थांबल्यासारखे होते. संपृक्त द्रावणाची व्याख्या बिनचूक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच पिंपात एका ठिकाणी संपृक्त आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ शुद्ध पाणी असू शकते हे सुचत नाही, कारण व्याख्येत पिंप नसते. याच पायरीवर विरघळण्याचा वेग आणि विद्राव्यता या दोन गोष्टींची गल्लत दूर करता येते. ढवळल्याने किंवा खडे कुटून घेतल्याने मोरचूद लवकर विरघळते, पण ठरावीक पाण्यात ठरावीक तापमानाला एकूण किती विरघळेल हे त्याने बदलत नाही. ते तापमानाने बदलते. पाणी कोमट केले तर दोन्ही गोष्टी वाढतात, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.

आता ‘एक टक्का’ याचा अर्थ पाहू. एक किलो मोरचूद शंभर लिटर द्रावणात, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम. येथे शंभर लिटर पाणी घेऊन त्यात मोरचूद टाकायचे की मोरचूद थोड्या पाण्यात विरघळवून एकूण शंभर लिटर करायचे, हा प्रश्न बागेत फारसा महत्त्वाचा नाही. प्रयोगशाळेत मात्र तोच महत्त्वाचा आहे. मिठाचे एक मोलर द्रावण करायचे तर ५८.५ ग्रॅम मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत पाणी भरून एकूण एक लिटर करावे लागते. एक लिटर पाणी मोजून त्यात मीठ ओतणारा विद्यार्थी वेगळेच द्रावण करतो आणि ब्युरेट-पिपेटच्या प्रयोगात त्याचे उत्तर का चुकले हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

टक्केवारीतून मोलकडे जाताना मोरचूद आणखी एक परीक्षा घेते. बाजारात मिळणाऱ्या निळ्या स्फटिकांत कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. कोरड्या, पांढऱ्या कॉपर सल्फेटचे मोलर वस्तुमान १५९.५ ग्रॅम आणि स्फटिकांचे २४९.५ ग्रॅम. लिटरमागे १० ग्रॅम स्फटिक म्हणजे साधारण ०.०४ मोल. जो विद्यार्थी १५९.५ ने भागतो त्याला ०.०६३ मिळते, म्हणजे दीडपटीहून जास्त. स्फटिकजल हा शब्द पुस्तकात एका प्रयोगापुरता येतो, परीक्षानळीत निळे स्फटिक तापवून पांढरे झालेले दाखवले जातात, आणि मग तो विषय मिटतो. वजनात त्या पाण्याचा वाटा शंभरात ३६ आहे, हे कोणी हिशेब करून पाहत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर एका किलो मोरचुदात तांबे फक्त २५४ ग्रॅमच्या आसपास असते. बाकी गंधक, ऑक्सिजन आणि पाणी.

सौम्यीकरणाचा धडाही याच कृतीत आहे. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात एका पिंपात आणि चुना पन्नास लिटर पाण्यात दुसऱ्या पिंपात स्वतंत्रपणे तयार करतात आणि नंतर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत सतत ढवळतात. पहिल्या पिंपात मोरचुदाची संहती (ठरावीक आकारमानातील प्रमाण) दोन टक्के, म्हणजे लिटरमागे ०.०८ मोल होती. तिसऱ्यात आकारमान दुप्पट झाल्याने ती निम्म्यावर येते. मोलची संख्या तीच, आकारमान वाढले, म्हणून संहती उतरली. संहती आणि आकारमान यांच्या गुणाकाराचे जे सूत्र मुले घोकतात ते एवढेच सांगते, आणि ते पिंपांवरून एकदा कळले की घोकावे लागत नाही.

चुन्याच्या पिंपात त्याहून जास्त रसायनशास्त्र आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो: १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम वायू. ही अपघटन अभिक्रिया, आणि ती उष्माग्राही. भट्टीचा विस्तव थंडावला की ती थांबते. कळीच्या चुन्यावर पाणी शिंपडले की ५६ ग्रॅम चुना १८ ग्रॅम पाण्याशी संयोग पावून ७४ ग्रॅम कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, म्हणजे भिजवलेला चुना, तयार होतो. ही संयोग अभिक्रिया, आणि ती जोरदार उष्मादायी: एक किलो शुद्ध कळीचा चुना भिजताना साधारण साडेतीन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी उष्णता बाहेर पडते. चुना भिजवताना डोळे सांभाळा असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात त्यामागे हा आकडा आहे. भिजवलेल्या चुन्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषला की पुन्हा चुनखडी. चुन्याच्या निवळीत फुंकल्यावर ती दुधाळ होते तीही हीच अभिक्रिया. म्हणजे १०० पासून निघून ५६ आणि ७४ वरून पुन्हा १०० वर येणारा एक पूर्ण फेरा आहे. त्यात अभिक्रियांचे दोन प्रकार आहेत, उष्णता घेणे आणि देणे आहे, वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आहे, आणि सगळे आकडे तोंडी हिशेबात बसणारे आहेत. या चार-पाच गोष्टी आपल्या अभ्यासमालांत चार-पाच वेगवेगळ्या उदाहरणांनी शिकवल्या जातात, त्यांपैकी निम्मी उदाहरणे विद्यार्थ्याने कधी पाहिलेली नसतात.

पुढचा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारीत असे आणि हुशार मुलेही त्यावर घोटाळत. भिजवलेला चुना पाण्यात फारच कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम पावणेदोन ग्रॅम. म्हणजे पन्नास लिटर पाण्यात नव्वद ग्रॅमसुद्धा धड विरघळणार नाही. एक किलो कळीच्या चुन्यापासून मात्र १.३ किलोहून अधिक भिजवलेला चुना तयार झालेला असतो. मग उरलेला कोठे असतो? तो पाण्यात तरंगत असतो, आणि म्हणूनच या पिंपात निवळी नसून चुन्याचे दूध असते. हे द्रावण नव्हे, निलंबन आहे, स्थिर ठेवले तर खाली बसेल आणि वर स्वच्छ संपृक्त द्रावण राहील. येथपर्यंत उत्तरे येतात. पण विरघळलेला चुना एवढासाच असेल तर सगळ्या मोरचुदाशी अभिक्रिया होते कशी? विरघळलेल्या चुन्यातील हायड्रॉक्साइड आयन तांब्याच्या आयनांनी उचलले की पाणी पुन्हा असंपृक्त होते आणि तरंगणाऱ्या कणांतून आणखी चुना विरघळतो. तो खर्च झाला की आणखी. बारावीत समतोलाच्या प्रकरणात जे शिकायचे असते त्याचे बीज येथे आहे आणि नववीतल्या मुलालाही ते कळते. चुन्याची आणखी एक खोड सांगण्यासारखी आहे: गरम पाण्यात तो थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतो. तापमान वाढले की विद्राव्यता वाढते हे वाक्य नियम म्हणून पाठ केलेल्यांना हा अपवाद त्याच कृतीत, मोरचुदाच्या शेजारच्याच पिंपात भेटतो.

दोन्ही पिंपे एकत्र आली की आकाशी रंगाचा दाट साका तयार होतो. पुस्तकातील भाषेत ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया: कॉपर सल्फेट आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड यांच्यापासून कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शिअम सल्फेट. ‘जोडीदारांची अदलाबदल’ असे तिचे वर्णन केले जाते आणि ते फसवे आहे. द्रावणात कॉपर सल्फेट नावाची जोडी शिल्लकच नसते. तांब्याचे धन आयन आणि सल्फेटचे ऋण आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले, एकमेकांपासून मोकळे फिरत असतात. घडते ते एवढेच की तांब्याचा एक आयन आणि हायड्रॉक्साइडचे दोन आयन एकत्र आले की जवळजवळ अविद्राव्य असा पदार्थ होतो आणि तो द्रावणातून बाहेर पडतो. हे एकदा कळले की कोणती दोन द्रावणे मिसळल्यावर अवक्षेप (न विरघळणारा साका) पडेल आणि कोणती नुसतीच मिसळतील, याचे कोष्टक पाठ करण्याचे बरेचसे ओझे उतरते. मिठाचे आणि पोटॅशिअम नायट्रेटचे द्रावण मिसळले तर कागदावर अदलाबदल लिहिता येते, प्रत्यक्षात काहीच घडत नाही. चारही आयन आधी होते तसेच राहतात. असली समीकरणे उत्तरपत्रिकांत नित्य आढळतात.

येथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की खऱ्या बोर्डोच्या साक्यात निव्वळ कॉपर हायड्रॉक्साइड नसते. सल्फेट धरून ठेवणारी तांब्याची आम्लारीधर्मी संयुगेही त्यात असतात आणि त्यांचे प्रमाण चुन्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. शाळेचे समीकरण हे वास्तवाचे पहिले, ढोबळ रूप आहे. विद्यार्थ्याला हे सांगितल्याने त्याचा गोंधळ उडतो असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे. माझा अनुभव उलट आहे.

आता प्रमाणांचा हिशेब करू, कारण मर्यादित अभिक्रियाकारक (जो आधी संपून अभिक्रिया थांबवतो तो पदार्थ) ही कल्पना मुलांना सर्वांत जड जाते. एक किलो मोरचूद म्हणजे सुमारे ४ मोल. समीकरणाप्रमाणे त्याला ४ मोल चुना पुरेसा आहे, म्हणजे शुद्ध कळीचा चुना फक्त २२४ ग्रॅम. सूत्र तर एक किलोचे आहे, म्हणजे गरजेच्या चौपटीहून अधिक. मग हा चुना वाया जातो का? एक कारण शुद्धतेचे: दुकानात उघड्या पोत्यात राहिलेला चुना हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून अंशतः भिजवलेला चुना आणि चुनखडी झालेला असतो, आणि त्यातील चुनखडी या कामाला जवळजवळ निरुपयोगी असते. दुसरे कारण पानांच्या सुरक्षिततेचे: तांब्याचे मोकळे आयन द्रावणात शिल्लक राहिले तर ते बुरशीबरोबर पानेही करपवतात, म्हणून मिश्रण उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असलेले बरे. याच कारणाने चुना ताजा आणि चांगला असेल तर तो एक किलोपेक्षा कमी घालून, सामू (पीएच) तपासत प्रमाण ठरवण्याची पद्धतही आहे. याशिवाय कॅल्शिअम सल्फेटचा हिशेब आहे. ४ मोलपासून जिप्समच्या रूपात सुमारे ६९० ग्रॅम कॅल्शिअम सल्फेट तयार होईल. जिप्सम लिटरमागे अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळते, म्हणजे शंभर लिटरमध्ये अडीचशे ग्रॅम. उरलेले साक्यातच जाते. हे गणित मी दहावीच्या मुलांना दिलेले आहे आणि ज्यांनी ते सोडवले त्यांना अकरावीत मोलची भीती वाटली नाही.

मिश्रण साधले की नाही हे पाहण्याची शेतकऱ्याची रीत तर दहावीच्या पुस्तकातून उचलल्यासारखी आहे, प्रत्यक्षात ती पुस्तकाआधीची आहे. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढायचे. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळे आहे, आणखी चुना घाला. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ते तांब्याला द्रावणातून हुसकावते. ही विस्थापन अभिक्रिया. इलेक्ट्रॉनांच्या भाषेत लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन आयन होतो, त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि तांब्याचा आयन ते दोन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतो, त्याचे क्षपण होते. ५६ ग्रॅम लोखंड गेले तर ६३.५ ग्रॅम तांबे चढते, म्हणजे खिळ्याचे वजन किंचित वाढायला हवे. हीच अभिक्रिया मोरचूद लोखंडी बादलीत का कालवायचे नाही याचेही उत्तर देते. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली चालेल का, असा प्रश्न परीक्षेत विचारला तर जस्त, लोखंड, तांबे हा क्रियाशीलतेचा क्रम खरोखर कोणाला कळला आहे ते एका ओळीत समजेल.

दुसरी चाचणी लिटमसची. निळा लिटमस कागद तांबडा झाला तर चुना कमी पडला आहे. येथे चांगला विद्यार्थी हरकत घेतो आणि त्याने ती घ्यावीच: मोरचूद हा क्षार आहे, क्षार उदासीन असतात, मग त्याचे द्रावण आम्लधर्मी कसे? तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांच्यापासून झालेल्या क्षाराचे द्रावण आम्लधर्मी असते, हे त्याचे उत्तर. खाण्याच्या सोड्याचे द्रावण अल्कधर्मी असते तेही त्याच तर्काने. सगळे क्षार उदासीन असतात हा समज मिठाच्या एकाच उदाहरणावर वाढलेला आहे.

अशा उजळणीवर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: मुंबई-पुण्याच्या मुलाने बोर्डोचे पिंप पाहिलेले नसते. त्याच्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएसचे (जलसंजीवनीचे) पाकीट पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. यांचे मिलिमोल काढून आयनांची बेरीज केली की सोडिअम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशिअम २०, सायट्रेट १० आणि ग्लुकोज ७५, एकूण २४५ येते. ग्लुकोजचा रेणू पाण्यात अखंड राहतो, मिठाच्या प्रत्येक एककाचे दोन आयन होतात आणि सायट्रेटच्या एककाचे चार, हे या बेरजेतून आपोआप शिकावे लागते. पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवले तर ही संहती दुप्पट होते, आणि जुलाबाने बेजार झालेल्या मुलाला ती अपायकारक ठरू शकते. अर्ध्या लिटरसाठी अर्धे पाकीट वापरावे का? नाही, कारण कोरडी भुकटी समांगी असेलच याची खात्री नाही आणि अर्ध्या भुकटीत निम्मे मीठ येईलच असे नाही. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये विरघळवल्यावर मात्र प्रत्येक घोटात तेच प्रमाण असते. समांगी आणि विषमांगी मिश्रणांतील फरक यापेक्षा नेमकेपणाने सांगणारे उदाहरण मला पुस्तकात सापडलेले नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-ग्लुकोजचे द्रावण पाजून असंख्य रुग्ण वाचवले. तो इतिहासही विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखा आहे. मात्र ओआरएसमध्ये द्रावणाचा धडा पुरा होतो, अभिक्रियांचा होत नाही; म्हणून शहरातील शाळांनीही प्रयोगशाळेत बोर्डो करावेच.

त्याला खर्च जवळजवळ नाही. एक किलो आणि शंभर लिटर यांचे प्रमाण एक ग्रॅम आणि शंभर मिलिलिटर हेच आहे, म्हणून सगळे काम चंचुपात्रांत होते: एका पात्रात पन्नास मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात कळीचा चुना, प्रथम पाव ग्रॅम आणि मग थोडा थोडा वाढवत, प्रत्येक वेळी खिळा आणि लिटमस. शुद्ध चुन्याला २२४ मिलिग्रॅम पुरायला हवेत. शाळेतील बरणीतल्या चुन्याचे किती लागले यावरून त्यात उपयोगी चुना किती उरला आहे याचा अंदाज विद्यार्थ्यांना स्वतः काढता येईल. थोडा साका परीक्षानळीत घेऊन तापवला तर त्यातील कॉपर हायड्रॉक्साइडचे अपघटन होऊन तो काळा पडतो, ते कॉपर ऑक्साइड. चुन्याऐवजी धुण्याचा सोडा वापरला तर कोणता वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघतो, हा पुढचा प्रश्न. मोरचूद विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवा, कोणी काहीही चाखू नये, चुना शिक्षकांनीच भिजवावा, आणि उरलेला साका मोरीत न ओतता गाळून, वाळवून, नाव लिहिलेल्या बरणीत वेगळा ठेवावा.

आपणास विनंती अशी की यंदाच्या अभ्यासमालेत रसायनशास्त्रासाठी जी जागा ठेवली असेल तिच्यातला एक भाग तरी प्रश्नोत्तरांना न देता अशा एका कृतीला द्यावा, आणि वजने, मोल व समीकरणे यांच्यासह ती संपूर्ण छापावी. शाळांनीही सराव परीक्षेत ‘द्रावण म्हणजे काय’ हा प्रश्न एक वर्ष वगळून त्याजागी बोर्डोच्या तीन पिंपांपैकी कोणत्यात द्रावण आहे, कोणत्यात निलंबन आहे आणि कोणत्यात अवक्षेप आहे, असा प्रश्न घालून पाहावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
निफाड, जि. नाशिक